अर्धवट अपडेटनंतर लिनक्स डेस्कटॉप पुन्हा उभा करताना : प्रकल्प नोंदी

ज्यांचा संगणक अपडेटच्या मध्येच बंद पडला आहे आणि आता सुरू होत नाही, त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. यंत्रावर डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली आहे. 512 जीबीच्या डिस्कवर तीन पार्टिशन आहेत : पहिले यूईएफआयचे, म्हणजे यंत्राच्या फर्मवेअरसाठीचे (मदरबोर्डवरच्या, सर्वांत आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठीचे), दुसरे 512 एमबीचे स्वतंत्र /बूट, जिथे यंत्र सुरू करणाऱ्या फाइल असतात, आणि उरलेल्या जागेत लक्स या डिस्क-कूटबद्धीकरणाच्या पद्धतीने कूटबद्ध केलेले तिसरे, ज्याच्या आत एलव्हीएमचे (डिस्कची जागा भागांत वाटणाऱ्या व्यवस्थेचे) रूट म्हणजे मूळ प्रणाली, होम म्हणजे माझ्या फाइल, आणि स्वॅप असे भाग आहेत. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर डीकेएमएस या साधनामार्फत प्रत्येक कर्नलसाठी (प्रणालीच्या गाभ्यासाठी) वेगळा बांधला जातो. ही रचना सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे आलेली जवळजवळ प्रत्येक अडचण तिच्यातूनच निघाली. आज्ञा आणि संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते अर्थातच मूळ रोमन अक्षरांतच द्यावे लागतील.

7 मार्च, रात्र

चार महिने अपडेट केले नव्हते, त्यामुळे यादी चारशेहून अधिक पॅकेजांची निघाली. डेस्कटॉपवरच्या टर्मिनलच्या खिडकीत मी अपग्रेडची आज्ञा दिली आणि दुसऱ्या कामाला लागलो. परत आलो तेव्हा पडदा काळा होता आणि माऊस किंवा कळफलक यांपैकी कशालाही प्रतिसाद नव्हता. डिस्कचा दिवा मात्र लुकलुकत होता. यंत्र गोठले असे समजून मी दहा मिनिटे वाट पाहिली आणि पॉवरचे बटण दाबून धरले.

ही पहिली चूक. दिवा लुकलुकत होता याचा अर्थ काम चालू होते, फक्त ग्राफिक्सचा भाग मध्येच बदलला गेल्यामुळे चित्र दिसत नव्हते. त्या वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 या कळा एकत्र दाबून मजकुरी टर्मिनल मिळते का, एवढे तरी पाहायला हवे होते.

पुन्हा सुरू केल्यावर कर्नल पॅनिक आला, म्हणजे कर्नल पुढे जाऊ न शकून थांबला : "व्हीएफएस : अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(0,0)". कंसातली दोन शून्ये महत्त्वाची आहेत. डिस्क खराब झाली असे ती सांगत नाहीत. रूट कोणत्या उपकरणावर आहे हे कर्नलला ओळखताच आले नाही, एवढाच त्यांचा अर्थ. कूटबद्ध डिस्क उघडण्याची सगळी साधने इनिटआरडी नावाच्या प्रतिमेत असतात, आणि ती प्रतिमाच मिळाली नाही की कर्नल नेमका याच वाक्यावर येऊन थांबतो. त्या रात्री मला हे ठाऊक नव्हते. मी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये गेलो आणि काही बिघडले असेल तर दुरुस्त होईल या आशेने सगळ्या सेटिंग मूळ स्थितीवर आणल्या. पॅनिक जसाच्या तसा राहिला. या कृतीची किंमत मला सहा दिवसांनी मोजावी लागली, ती पुढे येईलच.

8 मार्च, सकाळ

यंत्र सुरू होताना एस्केप कळ दाबल्यावर ग्रबचा, म्हणजे कर्नल निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आला. कळ एकापेक्षा जास्त वेळा दाबली गेली तर मेनूऐवजी ग्रबची रिकामी आज्ञा-ओळ समोर येते. तसे झाल्यास "नॉर्मल" असे टाइप करून एंटर दाबले की मेनू परत मिळतो; यंत्र बंद करण्याची गरज नसते.

मेनूत 6.1.0 मालिकेतले चार कर्नल होते : 26, 28, 29 आणि कालच्या अपडेटमध्ये आलेला 31. मी 29 निवडला. त्याने पासवर्ड विचारला, डिस्क उघडली, सेवा सुरू झाल्या आणि लॉगिनचा पडदा येण्याच्या जागी काळोख राहिला. मजकुरी टर्मिनल मात्र मिळाले आणि त्यात लॉगिनही झाले. म्हणजे यंत्र जिवंत होते, डेटा जागेवर होता, आणि इथूनच सगळे सुधारता आले असते.

ॲप्ट हे पॅकेजे बसवणारे साधन; त्याच्या /व्हार/लॉग/ॲप्ट या फोल्डरमधल्या टर्म डॉट लॉग या फाइलमध्ये कारण स्वच्छ लिहिलेले होते : "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". मोकळी जागा सांगणाऱ्या डीएफ या आज्ञेने /बूट पूर्ण भरलेले दाखवले. प्रत्येक कर्नलची इनिटआरडी सुमारे 118 एमबीची होती; कर्नलची स्वतःची फाइल आणि सोबतच्या लहान फाइल मिळून आणखी 20 एमबी. 488 एमबी वापरता येणाऱ्या जागेत असे तीन संच आणि ग्रबच्या फाइल धरल्यावर चौथ्या इनिटआरडीला जागा नव्हती. तरीही 31 मेनूत दिसत होता, कारण त्याच अपडेटमध्ये ग्रबचेही पॅकेज होते आणि त्याने स्वतःच्या वळणावर मेनू नव्याने तयार केला. ग्रबला कर्नलची फाइल सापडली, इनिटआरडी सापडली नाही, म्हणून त्याने तिच्याविनाच नोंद केली आणि तीच पहिल्या क्रमांकावर ठेवली.

इथपर्यंतचे निदान बरोबर होते. त्यानंतर जागा करण्यासाठी मी 26 आणि 28 च्या इनिटआरडी हाताने पुसायचे ठरवले, आणि दोन नावे वेगवेगळी टाइप करण्याऐवजी आकडा 2 आणि त्यापुढे तारांकन असा नमुना दिला. 29 ही संख्यासुद्धा 2 ने सुरू होते. तिन्ही प्रतिमा एकाच वेळी गेल्या. मी यादी पुन्हा पाहिली नाही, "जागा झाली" एवढेच पाहिले आणि यंत्र रीस्टार्ट केले.

आता चारपैकी एकही कर्नल सुरू होत नव्हता.

असा नमुना पुसण्याच्या आज्ञेला देण्याआधी तोच फाइलची नुसती यादी दाखवणाऱ्या एलएसला देऊन पाहावा. काही सेकंदांचे काम आहे. त्याहून मोठी खंत अशी की पुसण्याजोगी खरी फाइल समोरच होती : 31 च्या इनिटआरडीच्या नावापुढे "डॉट न्यू" लागलेली, 40 एमबीहून मोठी, बटण दाबले तेव्हा अर्धवट राहिलेली. ती कोणाच्याच उपयोगाची नव्हती. मी ती वाचली आणि ओळखली नाही.

8 मार्च, दुपार ते रात्र

दुसऱ्या संगणकावर डेबियनची लाइव्ह प्रतिमा (पेनड्राइव्हवरूनच चालणारी प्रणाली) उतरवली, ती नीट उतरली का हे कळण्यासाठी तिचा एसएचए256 चा आकडा जुळवून पाहिला आणि पेनड्राइव्हवर लिहिली. पहिला पेनड्राइव्ह लिहिताना मध्येच तुटत होता. दुसरा शोधण्यात आणि पुन्हा लिहिण्यात दीड तास गेला.

दुरुस्तीला हात लावण्याआधी डेटाची प्रत काढायची, हा निर्णय सकाळच्या चुकीनंतर घेतला आणि तो योग्य ठरला. क्रिप्टसेटअपने लक्सचे पार्टिशन उघडले, "व्हीजीचेंज -एवाय" ने एलव्हीएमचे भाग जागे केले आणि होम केवळ वाचण्यासाठी माउंट केले, म्हणजे जोडले. एक्स्ट4 या फाइल-प्रणालीच्या बाबतीत नुसते "आरओ" पुरेसे नाही, कारण यंत्र अचानक बंद झालेले असेल तर केवळ-वाचन माउंट करतानाही फाइल-प्रणाली आपले जर्नल (अपूर्ण बदलांची नोंद) डिस्कवर लागू करते. डिस्कवर काहीही लिहिले जाऊ नये असे वाटत असेल तर "नोलोड" हा पर्यायही सोबत द्यावा लागतो. आरसिंकने 310 जीबी बाहेरच्या डिस्कवर नेण्यास पावणेतीन तास लागले. हार्ड लिंक, एसीएल आणि विस्तारित गुणधर्म राखायचे असतील तर आरसिंकच्या "ए" सोबत मोठ्या लिपीतली एच, ए आणि एक्स ही अक्षरेही द्यावीत.

याच वेळी लक्सच्या शीर्षभागाची प्रत घेतली. "लक्स-हेडर-बॅकअप" ही क्रिप्टसेटअपचीच उपआज्ञा आहे, आणि लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत हा शीर्षभाग साधारणपणे 16 एमबीचा असतो. त्यातच किल्ल्यांचे कप्पे असतात. तो भाग बिघडला तर पासवर्ड आठवत असूनही डिस्क उघडत नाही, त्यामुळे ही लहानशी फाइल त्या डिस्कबाहेर सुरक्षित ठेवणे मला आता 310 जीबींइतकेच महत्त्वाचे वाटते. मात्र ही प्रत ज्याच्या हाती पडेल त्याला तेव्हाचा पासवर्ड कायम चालतो, हे लक्षात ठेवून ती ठेवावी.

शेवटी माउंट काढून फाइल-प्रणाली तपासली. रूटमध्ये काही अनाथ इनोड (कोणत्याच नावाशी न जोडलेल्या फाइल-नोंदी) निघाले, बाकी ठीक होते. डिस्कची प्रकृती तपासणाऱ्या स्मार्टसीटीएलनेही डिस्कबद्दल तक्रार केली नाही. त्यामुळे दोष फक्त /बूटचा आणि अर्धवट पॅकेजांचा, हे निश्चित झाले.

9 मार्च

ठरवलेले काम असे होते : लाइव्ह प्रणालीतून मूळ रूट माउंट करायचा, त्यात चरूट करायचे, म्हणजे तोच रूट धरून आत शिरायचे, आणि इनिटआरडी पुन्हा बांधायच्या. 29 ची इनिटआरडी पुसली असली तरी त्याची मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) /लिब/मॉड्यूल्समध्ये शाबूत होती. इनिटआरडी ही त्यांच्यातूनच तयार होणारी वस्तू आहे, त्यामुळे ती परत बनवता येते. कर्नलची मूळ फाइल पुसली असती तर पॅकेजच पुन्हा बसवावे लागले असते.

आदल्या दिवशी टर्मिनलमधून उघडलेली डिस्क या दिवशी मी फाइल व्यवस्थापकात टिचकी मारून उघडली, कारण ते सोपे वाटले. मग रूट, त्यावर /बूट, त्यावर /बूट/ईएफआय या क्रमाने माउंट केले. डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चार भाग बाइंड केले, म्हणजे चरूटच्या आतही दिसतील असे जोडले. आत शिरून "अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के" या आज्ञेला 29 ची पूर्ण आवृत्ती दिली. त्याआधी अर्धवट "डॉट न्यू" फाइल पुसली होती, त्यामुळे जागेची अडचण आली नाही. काम झाले, ग्रबचा मेनू नव्याने बनवला, रीस्टार्ट केले.

पासवर्ड विचारलाच गेला नाही. थोड्या वेळाने संदेश आला की रूट फाइल-प्रणालीची वाट पाहणे सोडून दिले आहे, अमुक मॅपर उपकरण (कूटबद्ध डिस्क किंवा एलव्हीएम उघडल्यावर मिळणारे) अस्तित्वात नाही, आणि इनिटरॅमएफएसचे, म्हणजे इनिटआरडीच्या आतले, आज्ञा घेणारे लहान शेल समोर आले. त्या शेलमध्ये क्रिप्टसेटअप शोधले, तर ते नव्हतेच.

संध्याकाळपर्यंत मी चुकीच्या दिशेने शोधत होतो. ग्रबमधले रूटचे नाव तपासले, एफएसटॅब या माउंटच्या यादीतले यूयूआयडी (पार्टिशनचे ओळख-क्रमांक) एकेक करून ताडले, इनिटआरडी आणखी दोनदा बांधली. प्रत्येक फेरीला वीस मिनिटे जात होती आणि निकाल तोच येत होता. तिसऱ्या वेळी आज्ञेचे सगळे उत्तर एका फाइलमध्ये साठवून ओळीने वाचले तेव्हा एक इशारा दिसला, जो आधीच्या दोन्ही वेळीही आलेला असणार : अमुक टार्गेट क्रिप्टटॅबमध्ये, म्हणजे कूटबद्ध पार्टिशनांच्या यादीच्या फाइलमध्ये, सापडले नाही.

फाइल व्यवस्थापकातून उघडलेल्या लक्स पार्टिशनला "लक्स" हा शब्द, जोडरेघ आणि लांबलचक यूयूआयडी असे नाव मिळते. माझ्या /ईटीसी/क्रिप्टटॅबमध्ये त्याच पार्टिशनचे नाव वेगळे, इन्स्टॉलरने ठेवलेले होते. इनिटआरडी बांधणारी स्क्रिप्ट पाहते की रूट या क्षणी कोणत्या मॅपर उपकरणावर आहे, मग तेच नाव क्रिप्टटॅबमध्ये शोधते. ते सापडले नाही तर ती इशारा देते आणि पुढे जाते, थांबत नाही. परिणामी डिस्क उघडण्याची नोंदच नसलेली इनिटआरडी तयार होते.

या एका नावापायी गेलेला वेळ : साडेसहा तास. कूटबद्ध डिस्क असलेल्या कोणालाही चरूटमधून दुरुस्ती करायची असेल, तर त्याने इथे सर्वाधिक लक्ष द्यावे.

10 मार्च

एलव्हीएमचे भाग निष्क्रिय केले, लक्स बंद केले आणि क्रिप्टटॅबच्या पहिल्या स्तंभात जे नाव आहे नेमक्या त्याच नावाने क्रिप्टसेटअपने पुन्हा उघडले. नाव अक्षरशः तेच हवे. मी ते फाइलमधून उचलूनच चिकटवले. पुन्हा सगळे माउंट केले आणि आत शिरण्याआधी फाइंडमाउंट या आज्ञेने /बूट खरोखर दुसऱ्या पार्टिशनवर आहे याची खात्री केली, कारण ते माउंट करायचे राहिले तर नव्या प्रतिमा रूटमधल्या रिकाम्या /बूट फोल्डरमध्ये जाऊन पडतात, आज्ञा यशस्वी दिसते आणि ग्रबला मात्र जुन्याच फाइल मिळतात.

या वेळी इशारा आला नाही. तरी विश्वास न ठेवता "एलएस-इनिटरॅमएफएस" ने प्रतिमेतल्या फाइलची यादी काढली आणि तिच्यात क्रिप्टसेटअप व क्रिप्टटॅब दोन्ही आहेत हे पाहून मगच रीस्टार्ट केले. पासवर्डची ओळ पुन्हा पडद्यावर दिसली, तेव्हा मनावरचे मोठे ओझे उतरले. 29 सुरू झाला आणि मजकुरी टर्मिनलमध्ये लॉगिन झाले. म्हणजे दोन दिवसांनी मी 8 मार्चच्या सकाळी जिथे होतो तिथे पोहोचलो.

11 मार्च

डीपीकेजी हे ॲप्टच्या हाताखाली प्रत्यक्ष पॅकेजे बसवणारे साधन; "डीपीकेजी --ऑडिट" ने अर्धवट पॅकेजांची यादी दिली. नव्या कर्नलचे पॅकेज अर्धे कॉन्फिगर झालेले होते, त्याचे हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइल) आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नुसते उलगडलेले होते, आणि आणखी सत्तरएक पॅकेजे आपल्या पाळीची वाट पाहत होती. यावरून काळ्या पडद्याचेही कारण कळले : ड्रायव्हरचे जुने मॉड्यूल अपडेटने काढून टाकले होते आणि नवे बांधले जाण्याआधीच मी यंत्र बंद केले होते.

आधी /बूटमध्ये जागा केली. 26 च्या उरलेल्या फाइल या वेळी पूर्ण नावे टाइप करून काढल्या. मग "डीपीकेजी --कॉन्फिगर -ए" चालवले. चाळीस मिनिटांत बहुतेक पॅकेजे मार्गी लागली, 31 ची इनिटआरडीही तयार झाली. अकरा पॅकेजे मात्र अवलंबित्वावर अडून राहिली.

अशा वेळी सगळीकडे "ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल" हा उपाय सांगितला जातो. तो चुकीचा नाही, पण तो देऊ करत असलेला मार्ग वाचल्याशिवाय मान्य करू नये. मला त्याने 63 पॅकेजे काढून टाकण्याचा प्रस्ताव दिला आणि त्यांत डेस्कटॉपचे मुख्य पॅकेज, लॉगिन व्यवस्थापक आणि नेटवर्क व्यवस्थापकही होते. हो म्हटले असते तर नेटवर्कही गेले असते आणि काढलेले परत बसवण्याचा मार्गच उरला नसता. मी नकार दिला.

कारण शोधायला "ॲप्ट पॉलिसी" उपयोगी पडले. अडलेल्या अकराही पॅकेजांच्या मुळाशी व्हिडिओ हाताळणाऱ्या लायब्ररींचा एक संच होता. त्याची बसलेली आवृत्ती डेबियनची नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका कामासाठी मी बाहेरची एक रिपॉझिटरी (पॅकेजांचा साठा) जोडली होती आणि ते काम संपल्यावर ती काढायची राहून गेली होती. तिच्यातली आवृत्ती क्रमांकाने वरची असल्यामुळे ॲप्टने प्रत्येक वेळी तीच उचलली, पण संचातली सगळी पॅकेजे तिथे नव्हती. अर्धा संच एकीकडचा आणि अर्धा दुसरीकडचा, अशी स्थिती झाली.

त्या रिपॉझिटरीची फाइल बाजूला हलवून ॲप्टची यादी ताजी केली. ॲप्ट आपणहून खालच्या आवृत्तीवर जात नाही. त्याला पॅकेजच्या नावापुढे बरोबरचे चिन्ह देऊन आवृत्ती स्पष्ट सांगावी लागते, किंवा पिनची (कोणती आवृत्ती घ्यायची हे ठरवणाऱ्या नियमाची) प्राथमिकता 1000 च्या वर न्यावी लागते. लायब्ररी सातच होत्या, म्हणून मी पहिला मार्ग घेतला आणि सातही नावे एकाच आज्ञेत दिली. एकेक दिल्यास प्रत्येक जण उरलेल्यांवर अडतो. त्यानंतर फिक्स-ब्रोकनने पुन्हा विचारले तेव्हा काढायच्या पॅकेजांची संख्या शून्य होती. या वेळी हो म्हटले. ऑडिटचे उत्तर रिकामे आले. एकूण चार तास, त्यातले तीन केवळ वाचण्यात. या सबंध कामातले सर्वांत सत्कारणी लागलेले तास हेच.

13 मार्च

31 सुरू झाला, लॉगिनचा पडदा नाही. "डीकेएमएस स्टेटस" म्हणत होते की मॉड्यूल 31 साठी बांधलेले आणि बसवलेले आहे. मॉडप्रोबने ते हाताने चढवून पाहिले तर उत्तर आले : "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस".

हा संदेश सिक्युअर बूटचा आहे. तो चालू असताना कर्नल फक्त ओळखीच्या किल्लीने सही केलेली मॉड्यूल स्वीकारतो. पण माझ्या यंत्रावर सिक्युअर बूट कित्येक वर्षे बंद होता. "मोकयुटिल --एसबी-स्टेट" ने तो चालू असल्याचे दाखवले आणि मग 7 मार्चच्या रात्रीची फर्मवेअरमधली कृती आठवली. सेटिंग मूळ स्थितीवर आणताना सिक्युअर बूटही चालू झाला होता. डेबियनचे ग्रब आणि कर्नल सही केलेले असल्यामुळे ते विनातक्रार चालले, आणि दोष लपून राहिला.

तो पुन्हा बंद करणे दोन मिनिटांचे काम होते. मी तसे केले नाही. कूटबद्ध डिस्क वापरणाऱ्याने सिक्युअर बूट चालू ठेवणे अधिक योग्य आहे असे माझे मत आहे, आणि आता अनायासे वेळ आली होती. डीकेएमएस स्वतःची किल्ली /व्हार/लिब/डीकेएमएसमध्ये तयार करून ठेवते. तिचा सार्वजनिक भाग "मोकयुटिल --इम्पोर्ट" ला दिला. त्याने एक तात्पुरता पासवर्ड ठरवायला सांगितला. रीस्टार्ट केल्यावर निळ्या पडद्यावर कोणतीही कळ दाबण्याची सूचना येते आणि दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. मी त्या वेळी पडद्यासमोर नव्हतो. मोजणी संपली, यंत्र नेहमीसारखे सुरू झाले, किल्ली नोंदली गेली नाही आणि विनंती पुन्हा करावी लागली. दुसऱ्या वेळी पडद्यासमोर बसून राहिलो, "एन्रोल मोक" (किल्ली नोंदवा) निवडले, तोच पासवर्ड दिला. या पडद्यावर कळफलकाची मांडणी अमेरिकी धरलेली असते, त्यामुळे पासवर्डात साधी अक्षरे आणि अंकच ठेवणे बरे.

मॉड्यूल चढले, लॉगिनचा पडदा आला, डेस्कटॉप उघडला. सहाव्या दिवशी.

16 मार्च

डेस्कटॉप दिसतो म्हणजे सगळे बरोबर आहे असे नाही, म्हणून रविवारचा वेळ तपासणीला दिला. "डीपीकेजी --व्हेरिफाय" हे बसवलेल्या फाइल मूळ पॅकेजांतल्या नोंदीशी ताडून पाहते आणि आशय जुळत नसेल तिथे ओळीत 5 हा आकडा दाखवते. पुढे "सी" हे अक्षर असेल तर ती कॉन्फिगरेशनची फाइल असते आणि ती आपणच बदललेली असू शकते, त्यामुळे अशा ओळी वेगळ्या काढल्या. उरलेल्यांत दोन फाइल निघाल्या, दोन्हींचा आकार शून्य. "डीपीकेजी -एस" ने त्या कोणत्या पॅकेजांतल्या आहेत हे शोधून ती दोन पॅकेजे पुन्हा बसवली. त्यांतली एक छपाईच्या व्यवस्थेची होती; ती तशीच राहिली असती तर काही आठवड्यांनी छापताना अडचण आली असती आणि तिचा या अपडेटशी संबंध कोणालाच जोडता आला नसता.

/ईटीसीमध्ये "डॉट डीपीकेजी-डिस्ट" या शेपटाच्या चार फाइल सापडल्या. अपडेटच्या वेळी माझी जुनी फाइल ठेवली गेली की नवी बाजूला या नावाने राहते. चारही फरक दाखवणाऱ्या डिफने ताडल्या. तीन ठिकाणी माझे बदल राखले, एका ठिकाणी जुना पर्याय कालबाह्य झाला होता म्हणून नवी फाइल घेतली. "सिस्टमसीटीएल --फेल्ड" चे उत्तर आता रिकामे आहे.

22 मार्च

मूळ कारण, म्हणजे 512 एमबीचे /बूट, अजून तसेच होते. ते मोठे करायचे तर शेजारचे लक्सचे पार्टिशन आणि त्याच्या आतला एलव्हीएम लहान करून सरकवावा लागेल. चालू यंत्रावर ही जोखीम घ्यायची नाही असे ठरवले. त्याऐवजी जुने कर्नल वेळच्या वेळी काढले जातील अशी व्यवस्था केली : "ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज" ने 26 आणि 28 गेले, 29 आणि 31 राहिले. इतके महिने ही एक आज्ञा न दिल्यामुळेच तिसरा संच साचला होता.

इनिटआरडी लहान करण्याचाही प्रयत्न केला. इनिटरॅमएफएसच्या कॉन्फिगरेशनमध्ये मॉड्यूल्सपुढे "मोस्ट" ऐवजी "डेप" लिहिले की फक्त या यंत्राला लागणारी मॉड्यूलच आत जातात. प्रतिमा 118 वरून 64 एमबीवर आली. पण अशी प्रतिमा या यंत्रापुरतीच चालते. उद्या ही डिस्क दुसऱ्या संगणकात बसवली तर ती सुरू होईलच असे नाही. यंत्र बिघडल्यावर नेमकी तीच सोय लागते, म्हणून तो बदल मागे घेतला. त्याऐवजी संकोचनाची पद्धत एक्सझेड केली. आकार 118 वरून 91 झाला, बांधायला वेळ जास्त लागतो, बूट होताना काही सेकंद वाढले. हा सौदा मला मान्य आहे.

ॲप्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये एक लहानशी तपासणीही जोडली. डीपीकेजीच्या आधी चालणाऱ्या प्री-इन्व्होक या जागी दिलेली आज्ञा अयशस्वी झाली तर ॲप्ट पुढे जात नाही. माझी स्क्रिप्ट /बूटमध्ये 150 एमबीपेक्षा कमी जागा असेल तर चूक परत करते. पहिल्या चाचणीत तिने जुने कर्नल काढण्याची आज्ञासुद्धा अडवली, कारण काढणे हेसुद्धा डीपीकेजीमार्फतच होते. त्यासाठी एक पर्यावरण चल ठेवला. तो दिला की तपासणी गाळली जाते.

29 मार्च

पुढचे अपडेट आज केले. टीमक्समध्ये (टर्मिनल तुटले तरी आत चाललेले काम चालू ठेवणाऱ्या साधनात), मजकुरी टर्मिनलवर, डेस्कटॉपमधून बाहेर पडून, आणि शेवटपर्यंत पडद्यासमोर बसून. 38 पॅकेजे, नवा कर्नल 32. 29 आणि 31 चे दोन संच आणि ग्रब धरून /बूटमध्ये आधी 246 एमबी मोकळी होती, नंतर 135. तपासणीच्या स्क्रिप्टने काम पुढे जाऊ दिले. रीस्टार्ट करण्याआधी नव्या इनिटआरडीत क्रिप्टटॅब आहे हे पाहिले, "डीकेएमएस स्टेटस" मध्ये 32 साठीची ओळ पाहिली आणि मॉड्यूलवर सही आहे याची "मॉडइन्फो" ने खात्री केली. पासवर्ड विचारला गेला, लॉगिनचा पडदा आला. त्यानंतर तपासणी गाळणारा तो चल देऊन ऑटोरिमूव्हने 29 काढला. /बूटमध्ये पुन्हा 246 एमबी मोकळी आहे.